बंदुकीचा वाटा

जर्मनीत ठासणीची बंदूक कुणालाही मिळते. अठरा वर्षं पूर्ण असली आणि ओळखपत्र दाखवलं, की दुकानदार ती खोक्यात घालून हसतमुखाने देतो. पण तिच्यात भरायची काळी दारू मागा, त्याच दुकानदाराचा चेहरा बदलतो. दारूला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा, परीक्षेला बसण्याआधी चारित्र्याची चौकशी, आणि त्याच्याही आधी नेमबाजांच्या एखाद्या क्लबात निदान वर्षभर नियमित हजेरी. आमच्या गावी नेमकं उलटं होतं. तिथे बंदुकीला परवाना लागे आणि दारू कुठून ना कुठून येई. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी या सगळ्या पायऱ्या एकेक करून चढलो, का, तर माझ्या वडिलांना जर्मनीत एक बार उडवता यावा म्हणून. आज हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तेव्हा झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात होतो. गाडीचं दार लावताना आवाज कसा यावा यावर माझा दिवस जात असे. घर कारखान्यापासून थोडं दूर, जंगलाच्या कडेच्या एका गावात. बायको, मी आणि पहिलीतली मुलगी. मुलीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. तिला झोपताना गोष्ट हवी असे आणि माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, बाबांच्या डुकराची.

बाबा राजापूरकडच्या आमच्या गावातल्या शाळेत हेडमास्तर होते. अक्षर मोत्यासारखं, आवाज खणखणीत. घरची बरीच जमीन होती, म्हणून त्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता. ओटीवरच्या भिंतीला ठासणीची बंदूक टांगलेली असे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि मला भिंत उघडीबोडकी वाटायची. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. मग एखाद्या संध्याकाळी बाबा बंदूक घेऊन बाहेर पडत, बरोबर दारूची पिशवी सांभाळायला आमचा गडी असे, आणि पुढे हाकारे. आम्ही मुलं अंथरुणात जागी राहून बार ऐकायची. सकाळी वाजतगाजत डुक्कर गावात यायचं. सगळ्यांत पुढे बाबा, खांद्यावर बंदूक. शाळेत दुसऱ्या दिवशी मी राजपुत्रासारखा मिरवत असे.

डुकराचे वाटे पडत त्याला एक रीत होती. हाकाऱ्यांचे वाटे सारखे, ज्याच्या शेतात पडलं त्याचा एक, देवाचा एक, आणि एक मोठा वाटा बंदुकीचा. बंदुकीचा वाटा आमच्या घरी यायचा. मला वाटायचं, बंदुकीचा वाटा म्हणजे ज्याने नेम धरला त्याचा. असं कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसरं काही असेल असंही कधी मनात आलं नाही.

त्यातलं एक डुक्कर फार मोठं होतं, आणि गोष्ट त्याची होती. बाबा ती इतकी छान सांगायचे की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. जाळीतून सुळे दिसतात, बाबा गुडघा टेकतात, हाकारे झाडावर चढतात, आणि बाबा म्हणतात, "ये तुझ्या आयला!" एरवी तोंडात शिवी नसलेला माणूस एवढी एक शिवी गोष्टीत द्यायचा, म्हणून आम्हाला ती गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असायची. मी तीच गोष्ट माझ्या मुलीला जर्मनीत सांगितली. तिने शाळेत जाऊन सांगितलं, माझे आजोबा शिकारी आहेत. बाईंनी तिच्याकडून आजोबा आणि डुक्कर यांचं चित्र काढून घेतलं आणि वर्गात लावलं.

आता गड्याबद्दल सांगायला हवं. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं नव्हती. मी दहा-अकरा वर्षांचा असताना गेली. तो चोरून खाडीत सुरुंग लावून मासे मारतो आणि त्यातच हात गेला, असं बाबांनी आम्हाला सांगितलं होतं. त्यानंतर त्याचं आमच्याकडचं काम गेलं, आणि बाबाही पुन्हा शिकारीला गेले नाहीत. "त्याच्या घराकडे फिरकायचं नाही," असा बाबांचा हुकूम होता. तो वाटेत दिसला की आम्ही मुलं रस्ता बदलायचो. तो काही बोलत नसे. डाव्या हाताने कोयती चालवायला शिकला होता आणि लोकांच्या काजूच्या बागा साफ करायचा.

जर्मनीत एका रविवारी जंगलाकडे फिरायला गेलो होतो. एक बार ऐकू आला. साध्या रायफलीचा टणक आवाज नव्हे, जाड, घुमणारा, ओटीवरून ऐकू यायचा तसा. मग झाडांतून पांढरा धूर आला आणि त्याचा तो सडक्या अंड्यासारखा वास. मी बायकोला तिथेच उभं करून आवाजाच्या दिशेने निघालो. पुढे नेमबाजांचा क्लब होता, लाकडी घर, बाहेर जेरॅनियमच्या कुंड्या, आत बिअरची टेबलं. मागच्या नेमबाजीच्या पट्ट्यावर चार म्हातारे ठासणीच्या बंदुका ठासत होते. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने, जो पुढे माझा गुरू झाला, मला विचारलं, "काय, रस्ता चुकलास?" मी म्हणालो, "माझ्या वडिलांकडे अशी बंदूक होती. त्यांनी डुकरं मारली आहेत."

चौघेही थांबले. तिथे ठासणीच्या बंदुकीने शिकार करायला परवानगी नाही, ते आयुष्यभर कागदाच्या गोल चकत्यांवर नेम धरत आलेले. जंगल डुकरांनी भरलेलं, आणि हे कागद भोकसतात. म्हाताऱ्याने टोपी मागे सारली. "आल्झो, म्हणजे खरोखरची डुकरं? याने?" त्या दिवशी मी ती गोष्ट माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितली, शिवीसकट. त्यांनी मला बिअर पाजली. जायला निघालो तेव्हा म्हातारा म्हणाला, "वडील इकडे आले की घेऊन ये. त्यांनी आमच्याकडे एक बार उडवावा, आमचा मान होईल."

झालं, माझ्या डोक्यात तेच बसलं. बाबा सत्तरीच्या पुढे गेलेले, डोळा अधू होत चाललेला, आणि घरची बंदूक बाबांनी आपण होऊन सरकारजमा केलेली. मला त्यांच्या हातात पुन्हा एकदा बंदूक द्यायची होती. आणि ती दुसऱ्याच्या मेहेरबानीवर नाही. बंदूक माझी, दारू माझी, सगळं कायद्याने. मुलगा म्हणून मी त्यांच्यासाठी आजवर काहीच केलं नव्हतं, पैसे पाठवण्यापलीकडे.

क्लबात वर्षभर गेलो. मग जिल्हा कचेरीत अर्ज. तिथली बाई चांगली होती, पण स्फोटकांच्या परवान्याच्या अर्जावर भारतीय पासपोर्ट पाहून तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्या दिवसांत माझ्यासारख्या रंगाच्या माणसाने असा अर्ज करणं म्हणजे काय हे मलाही कळत होतं. ती म्हणाली, "कशासाठी हवंय?" मी म्हणालो, "खेळासाठी." ती म्हणाली, "टेनिस नाही आवडत?" चौकशीला कितीतरी आठवडे गेले. बायको म्हणायची, "अरे, आपला कायमचा व्हिसा अजून व्हायचाय. कशाला हे नसतं लफडं?" मी ऐकलं नाही. तिच्याशी भांडलोसुद्धा. "तुला कळायचं नाही, माझे वडील काय होते ते," असं मी तिला म्हणालो.

पुढे शनिवार-रविवार कुर्स, म्हणजे परवान्याचे वर्ग. दारूत गंधक किती, कोळसा किती, ठिणगी कशाने पडते, पेटी कशी असावी. शिकवणारा माणूस रुक्ष होता, पण एक गोष्ट त्याने आमच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली. दारू साठवायच्या शिंगातून किंवा कुप्पीतून थेट नळीत दारू ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी नळीत शिल्लक असली तर हातातली सगळी कुप्पी फुटते. म्हणून एका बारापुरती दारू छोट्या नळकांड्यांत आधीच मोजून ठेवायची. आणि त्याने पडद्यावर एका हाताचं चित्र दाखवलं. अंगठा नाही, शेजारची दोन बोटं नाहीत. बाकीचे लोक स्स करत मागे सरले. मी मात्र पुढे वाकून बघत राहिलो. तो हात माझ्या ओळखीचा होता. हुबेहूब आमच्या गड्याचा. मग मला वाटलं, सुरुंगाने पण तसंच होत असेल. बाबांनी सांगितलं होतं ना, सुरुंग. मी वहीत लिहून घेतलं, कुप्पीतून ओतायचं नाही.

परीक्षा पास झालो ते बाबांना फोनवर सांगितलं. वाटलं होतं, ते आनंदाने ओरडतील. ते म्हणाले, "बरं. छान. पण कशाला एवढा खटाटोप? थांब हं, आईशी बोल." मला तो त्यांचा संकोच वाटला. मोठी माणसं आपल्या पराक्रमाला अशीच कमी लेखतात, असं मी बायकोला समजावून सांगितलं.

मग तो दिवस आला, दारू विकत घ्यायचा. श्टुटगार्टच्या बाजूला एक जुनं दुकान होतं, भिंतीवर हरणांची शिंगं. परवाना मी काउंटरवर ठेवला. दुकानदाराने तो उलटसुलट पाहिला, शिक्का तपासला, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा शिक्क्याकडे. मागे जाऊन लोखंडी दार उघडून त्याने एक काळा डबा आणला. किती घेतली ते परवान्यावर नोंदवलं, सही केली. "बारीक दाण्याची आहे, पिस्तुलाला चालते, रायफलीला थोडी जाड घ्या," असं म्हणत त्याने पहिला डबा परत ठेवून दुसरा आणला. मी झाकण उघडून वास घेतला. न जळलेल्या दारूला फारसा वास नसतो. तरी मला आमची ओटी आठवली. दुकानदाराने विचारलं, "पहिल्यांदाच घेताय?" मी म्हणालो, "मी हो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर वापरली आहे." "मग काळजी नाही," तो म्हणाला, "घरातच मास्तर आहे."

तळघरातल्या आमच्या खोलीत मी स्वतः केलेल्या लाकडी पेटीत डबा ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. घरमालकाला आधी सांगून त्याची परवानगी घेतली होती. त्याने ती देताना इमारतीच्या विम्याविषयी मला एक लांबलचक व्याख्यान दिलं, तेही मी उभ्याने ऐकून घेतलं.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले. मुलगी दिवसभर बाबांच्या मांडीवर. तिला मराठीत उत्तर द्यायचं नसे, पण गोष्ट मराठीतच हवी असे. बाबा नव्या दातांनी, त्याच जुन्या खणखणीत आवाजात डुक्कर सांगायचे, आणि ती "नोखमाल" म्हणाली की पुन्हा सांगायचे. आई स्वयंपाकघरात भांडी आवाज करत घासायची. क्लबात जायची गोष्ट काढली की बाबांचा खांदा दुखायला लागे. पाऊस असे. वर्तमानपत्र वाचायचं राहिलेलं असे. शेवटी मुलीनेच त्यांचा हात धरून ओढलं, आणि तिच्यापुढे ते नाही म्हणू शकले नाहीत. तिला मात्र क्लबाच्या पट्ट्यावर परवानगी नव्हती, म्हणून ती घरी राहिली आणि आम्ही दोघे गेलो.

चौघे म्हातारे स्वच्छ सदरे घालून आले होते. बाबांसाठी खुर्ची ठेवली होती. बाबांनी सगळ्यांशी हात मिळवले, मी दुभाष्या. माझ्या गुरूने बाबांसमोर मान लववली आणि म्हणाला, "सांग त्यांना, पाहुण्यांना आम्ही भरून देतो. पण शिकाऱ्याला नाही. ते स्वतःच भरतील, मी फक्त शेजारी उभा राहीन." मी ते शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. टेबलावर मी सगळं मांडलं होतं. दारूचा डबा, मोजून भरलेली नळकांडी, कापडाचे तुकडे, शिशाच्या गोळ्या, ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या केपांची डबी. बंदूक त्यांच्या हातात दिली.

बाबांनी ती थोडा वेळ नुसती धरली. मग डबीतून केप उचलली, जागेवर बसवली, आणि दारूचं नळकांडं घेतलं.

केप सगळ्यांत शेवटी बसवायची असते. आधी बसवली आणि दारू ओतताना चुकून घोडा पडला, तर बार तिथेच, तोंडावर. म्हाताऱ्याने बाबांचं मनगट हवेतच पकडलं. "चष्मा," बाबा हसून म्हणाले, "या चष्म्याने दिसत नाही." मी भाषांतर केलं. म्हातारा म्हणाला, "हो, हो, माझ्याकडूनही चुका होतात," आणि केप काढून घेतली. दारू आत गेली, कापड, गोळी. बाबांनी ठासायचा गज घेतला आणि ठासताना ते नळीच्या तोंडावर असे वाकले जसं विहिरीत किती पाणी आहे ते बघतायत. म्हाताऱ्याने त्यांचा खांदा धरून त्यांना बाजूला घेतलं. तो आता हसत नव्हता. शेवटी बाबांनी बंदूक खांद्याला लावली, दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि चाप ओढला. गोळी कुठे गेली देव जाणे, कागद कोरा. बाबा मागच्या मागे दोन पावलं गेले आणि त्यांनी कान दाबून धरले. त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो भीतीचा होता.

बाबांना खुर्चीवर बसवून म्हातारा मला कोपऱ्यात घेऊन गेला. हळूच म्हणाला, "ऐक, यात काही वाईट नाही. पण तुझ्या वडिलांनी आज पहिल्यांदाच बंदूक उडवली."

मी त्याच्यावरच उखडलो. त्याला म्हणालो, तुला काय माहीत, तू आयुष्यभर कागद मारलेस. "गेनाऊ, अगदी बरोबर," एवढंच तो म्हणाला आणि उरलेली नळकांडी मोजून माझ्या हातात दिली. ती मी रागाने एकेक करून उडवली. त्या दिवशी माझा नेम कधी नव्हे इतका चांगला लागला, एक भोक अगदी मधोमध. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी कागद गुंडाळला, बाबांना गाडीत बसवलं आणि निघालो.

घराच्या अलीकडे, जंगलातल्या पार्किंगमध्ये मी गाडी थांबवली. विचारलं, "बाबा, डुक्कर कुणी मारलं?"

"चल रे, उशीर होतोय."

"कुणी मारलं?"

ते समोरच्या काचेकडे बघत राहिले. मग हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाले, "गड्याने. सगळी त्यानेच मारली. मला तो आवाज सहन होत नाही, लहानपणापासून. परवाना माझ्या नावावर, मग बंदूक माझ्या हातात दिसायला नको का? गाव लागायच्या आधी खालच्या देवळापाशी मी बसून असायचो. तो यायचा, बंदूक माझ्या खांद्यावर द्यायचा, मग आम्ही वर यायचो."

"आणि वाटा?"

"बंदुकीचा वाटा बंदुकीच्या मालकाला. ती रीतच होती. त्याला हाकाऱ्याचा मिळायचा."

"आईला माहीत होतं?"

"तिला का नसेल? अख्ख्या गावाला माहीत होतं. उघड कोण बोलणार?" आणि मग खरंच आश्चर्य वाटल्यासारखं ते माझ्याकडे वळले. "तुलाच कसं कळलं नाही रे? एवढा इंजिनिअर झालास."

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. अख्ख्या गावाने मला वरातीच्या पुढे नाचवलं होतं. कचेरीतल्या बाईपुढे, दुकानदारापुढे, बायकोपुढे, त्या चार भल्या म्हाताऱ्यांपुढे मी ज्या माणसाच्या जोरावर छाती काढून उभा होतो तो माणूस देवळाच्या पायरीवर बसलेला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पण मला अजून एक विचारायचं होतं, आणि त्याचं उत्तर मला कुर्समधल्या त्या चित्रापासूनच माहीत असावं.

"त्याची बोटं सुरुंगाने गेली नाहीत ना?"

झाडांत दूर क्लबाकडून एक बार ऐकू आला. बाबा दचकले.

"डुक्कर जखमी होतं," ते म्हणाले. "त्याला घाईने परत भरायची होती. शिंगातून ओतायला गेला आणि शिंगच फुटलं."

"आणि सुरुंग?"

"पोलीस आले असते. माझ्या परवान्याची बंदूक त्याच्या हातात. माझी नोकरी गेली असती, तुमची शिक्षणं गेली असती. कुणीतरी काहीतरी सांगणं भाग होतं."

"कुणी सांगितलं?"

"मी. त्याने मान डोलावली. तो कधी माझ्याविरुद्ध बोलला नाही."

"आणि त्याला कामावरून काढलंत. आम्हाला त्याच्या वाटेला जाऊ दिलं नाहीत."

"तुम्ही मुलं होतात. त्याने तुम्हाला काही सांगितलं असतं तर?"

मी म्हणालो, गावी गेलो की त्याला भेटणार. बाबा म्हणाले, "तो गेला. झाली दोन-तीन वर्षं. तुला कळवण्यासारखं काही नव्हतं."

मी ओरडलो असेन, मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. सगळी बोटं शाबूत, लांबसडक, ज्यांनी मला मुळाक्षरं गिरवायला शिकवली ती. त्या हातांच्या ऐवजी दुसऱ्या कुणाचा तरी हात गेला होता, आणि ज्याचा गेला त्याच्यापासून मला लांब ठेवलं होतं. माझा बाप भित्रा आहे म्हणून मला राग आला नव्हता. भिण्याला काय, मीही भितो. त्यांनी मला त्या माणसाशी एक शब्दही बोलू दिला नाही, याचा राग होता, आणि तो अजून आहे. बाबा रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "पोरीला काही बोलू नकोस हं." मी गाडी सुरू केली.

मुलगी घराच्या पायऱ्यांवर वाट बघत बसली होती. गाडी दिसताच उठून उभी राहिली. मी कागदाची गुंडाळी काखेत धरून उतरलो. बाबा दुसऱ्या बाजूने उतरले, गाडीला वळसा घालून माझ्याजवळ आले आणि त्यांनी गुंडाळीला हात घातला. मी क्षणभर सोडली नाही. त्यांनी हलकेच ओढली. मुलगी बघत होती. मी सोडली.

ते माझ्या पुढे झाले. पाठ ताठ, कागद खांद्याला लावलेला. मी मागून दारूचा डबा घेऊन चालत होतो.

"ओपा, लागला?" तिने आजोबांना जर्मनमध्ये विचारलं. बाबांना जर्मन येत नव्हतं, पण प्रश्न कळला. त्यांनी कागद उलगडून तिच्यासमोर धरला आणि मधल्या भोकावर बोट ठेवलं.

"मधोमध!"

ती किंचाळली. दारात आई आणि माझी बायको येऊन उभ्या राहिल्या होत्या. बायकोने टाळ्या वाजवल्या. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. मुलगी कागद दोन्ही हातांत धरून उड्या मारत होती, मग एकदम थांबून तिने माझ्याकडे बघितलं.

"उंड पापा? पापाने काय केलं?" चक्क अर्धं मराठीत विचारलं तिने.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा बाबा होता ना बरोबर," ते म्हणाले, "दारू सांभाळायला."